काचेच्या पेटीतला संसार
(घरच्या टँकमध्ये सिक्लिड माशांची जोडी कशी वाढवावी)



हिवताप विभागाची माणसे गावात येऊन हौदात, डबक्यात गप्पी मासे सोडून जातात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. गप्पी डासांच्या अळ्या खातो, आपले काम चोख करतो. पण आई म्हणून विचाराल तर गप्पीची मादी अगदीच बेपर्वा. पिल्लांना जिवंत जन्म देते आणि घटकाभराने भूक लागली की त्यातलीच दोन-चार गिळून टाकते. रोहू-कटल्याचे तरी काय? पुराच्या पाण्यात लाखांनी अंडी सोडायची आणि निघून जायचे. जगतील ती जगतील.

अंडी-पिल्ले राखणारे मासे थोडे. आपल्या गोदावरीतला मरळ त्यातला एक. पिल्लांच्या लालसर थव्याखाली मरळाची जोडी फिरताना जुन्या माणसांनी पाहिली असेल. परंतु या बाबतीत सर्वांत नाव घेण्यासारखे कूळ म्हणजे सिक्लिड. या कुळात हजारावर जाती आहेत. बहुतेक आफ्रिकेच्या मोठ्या सरोवरांत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत राहतात. आपल्या देशाच्या वाट्याला मूळच्या फक्त तीन जाती आल्या. गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात आणि केरळात करिमीन, तो त्यातला मोठा. केरळ सरकारने २०१० साली त्याला राज्याचा मासा ठरवले. गंमत अशी, की १७९० साली ब्लॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे नामकरण केले तेव्हा त्याच्या शास्त्रीय नावात सुरत शहराचे नाव घातले, ते आजतागायत चिकटून आहे. दुसरी जात कर्नाटकातल्या नद्यांपुरतीच. तिसरी सर्वांत लहान, जेमतेम तीन इंचांची, दुकानात जिला ऑरेंज क्रोमाइड म्हणतात ती. दक्षिण हिंदुस्थानच्या किनाऱ्यालगतच्या गोड्या-खाऱ्या पाण्यात आणि श्रीलंकेत ती सापडते. अंग पिवळे-केशरी, कुशीवर गोल काळे ठिपके. या लेखात मुख्यतः तिचाच विचार करावयाचा आहे.

आणखी एक सिक्लिड आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, पण तो पाहुणा. बाजारात टोपलीत मिळणारी चिलापी ती हीच. तिच्याबद्दल पुढे लिहावेच लागेल, कारण घरातल्या हौसेचा आणि शेततळ्यातल्या चिलापीचा फार जवळचा संबंध आहे.

पाणी पाहून मासा निवडावा

दुकानात गेलात की दुकानदार पहिल्यांदा 'राम' नावाचा निळसर-सोनेरी छोटा सिक्लिड दाखवील. दिसायला देखणाच. पण तो ओरिनोको नदीच्या भागातला, मऊ आणि आम्लधर्मी पाण्यातला. आपल्या विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात तो काही दिवस काढील, पण त्याची अंडी फळणे कठीण. जड पाण्यात अंड्यांचे पोषण नीट होत नाही. मग वर्षभर औषधे आणि पावडरी विकत आणत बसायचे.

ऊसवाल्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. चोपण, खारवट तुकड्यात आपण फुले २६५ लावतो, भारी निचऱ्याच्या रानात को ८६०३२ लावतो. जमीन बदलण्याच्या भानगडीत न पडता जमिनीला मानवेल ते बेणे आणतो. माशाचेही तसेच करावे. गोदावरीच्या दोन्ही कालव्यांखालच्या भागात विहिरींचे पाणी बहुधा जड असते. सामू साडेसातच्या पुढे, कुठे आठाच्याही वर. ऑरेंज क्रोमाइडला नेमके असेच पाणी लागते, कारण तो मचूळ पाण्यातून आलेला आहे. ज्या पाण्याला आपण शेतासाठी नावे ठेवतो तेच त्याला मानवते. उलट अगदी मऊ पाण्यात त्याला बुरशी लवकर धरते. पाणी फारच मऊ असेल, म्हणजे पावसाचे किंवा जारचे, तर पाच लिटरला चहाचा एक चमचा साधे खडे मीठ विरघळवून घालावे. विहिरीचे पाणी वापरत असाल तर मिठाचीही घाई नको.

माती-पाणी परीक्षणाचा कागद घरात असेल तर तो काढून सामू आणि क्षार पाहून घ्या. नळाचे पाणी असेल तर त्यात क्लोरीन असते. ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्याशिवाय किंवा हायपोचे खडे टाकल्याशिवाय पेटीत घालू नये. आवर्तनाचे कालव्याचे पाणी थेट वापरू नये असे आमचे मत आहे. त्यात गाळ असतो, आणि वरच्या अंगाला कुणी काय फवारले ते आपल्याला ठाऊक नसते.

फवारणीवरून एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. हुमणी व वाळवीसाठी आपण क्लोरपायरीफॉस, फिप्रोनिल वापरतो. ही दोन्ही माशांना अतिशय विषारी आहेत, अगदी अल्प प्रमाणातही. फवारणीची बादली, मग, नळी यातले काहीही पेटीसाठी घेऊ नका. फवारून आलेल्या माणसाने आंघोळ झाल्याशिवाय पेटीत हात घालू नये. घरातल्या पोरांना हे सांगून ठेवा, कारण मग कुणाचा आणि बादली कुठली हे पोरे पाहत नाहीत.

पेटी आणि नत्राचा हिशेब

एका जोडीला दोन फूट लांबीची पेटी पुरते. पण जोडी जुळवायची असल्याने सुरुवातीला पाच-सहा मासे आणावे लागतात, म्हणून तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी घ्यावी. तिच्यात नव्वद ते शंभर लिटर पाणी बसते. पाणी, वाळू, दगड धरून सव्वाशे किलोच्या घरात वजन जाते, तेव्हा टीपॉयवर ठेवण्याचा विचार नको. लोखंडी घडवंची करून घ्या आणि पेटीखाली थर्माकोलचा पत्रा घाला. जागा अशी हवी की जिथे थेट ऊन येत नाही आणि येता-जाता कुणी काचेवर टकटक करत नाही. हे दुसरे पहिल्यापेक्षा महत्त्वाचे.

तळाला बांधकामातून उरलेली बारीक वाळू, पाणी निवळ येईपर्यंत धुऊन, दोन बोटे जाडीची पसरावी. काळ्या दगडाचे चार-दोन तुकडे, मातीची एक छोटी कुंडी आडवी करून, आणि शहाबादी फरशीचा एक तुकडा तिरपा टेकवून ठेवावा. शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्याने पाण्याचा सामू थोडा वर राहतो. रामसारख्या माशाला ते अपायकारक, या माशाला चालते. रंगीत खडे आणि प्लॅस्टिकचे पाणबुडे ज्याला हवे त्याने घालावेत, माशांना त्यांचा उपयोग नाही. हवेचा पंप आणि त्यावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा. मोटारीचा जोरकस फिल्टर पिल्ले ओढून घेतो.

आता मुख्य मुद्दा. नव्या पेटीत पाणी भरून त्याच संध्याकाळी मासे सोडले की आठ-दहा दिवसांत ते मरतात, आणि लोक म्हणतात की दुकानदाराने फसवले. तसे नसते. कारण समजून घेण्यासाठी रानातला युरिया आठवा. युरिया जमिनीत पडला की त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट ऊस घेतो. पेटीत युरियाच्या जागी माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य. त्याचाही अमोनियाच होतो. पण नव्या पेटीत तो पचवणारे जिवाणूच नसतात. वाळूत आणि स्पंजमध्ये त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया आणि नायट्राइट साठत जातात, आणि दोन्ही माशाला मारक.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. चुनखडीच्या रानात युरिया मातीआड केला नाही तर नत्र हवेत उडते, हे आपण शिकलेलो आहोत. जमीन विम्ल असली की अमोनियाचे वायुरूप वाढते. पेटीतही हेच घडते, फक्त येथे तो वायू हवेत जाण्याआधी माशाच्या कल्ल्यांत शिरतो. सामू ७ वरून ८ वर गेला की विषारी रूपातला अमोनिया जवळजवळ दहापट होतो. म्हणजे जे पाणी क्रोमाइडला मानवते, त्याच पाण्यात निष्काळजीपणाची शिक्षा दहापट. म्हणून पेटी मांडल्यावर महिनाभर थांबावे. रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणूंना चारा द्यावा. कुणाच्या जुन्या, निरोगी पेटीतला स्पंज पिळून तो गढूळ रस आपल्या पेटीत घालता आला तर काम लवकर होते. दह्याला विरजण लावण्यासारखाच हा प्रकार आहे.

उसाने घ्यावे तसे नायट्रेट घेणारे पीक पेटीत नसते. म्हणून दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून नवे घालावे. उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली जाते, त्या वेळी मात्र विहिरीचे पाणी ओतून भर घालू नये. पाणी उडते पण क्षार मागे राहतात. आपली कितीतरी काळी रानं याच रीतीने मीठफुटीला गेली. ही तूट पावसाच्या साठवलेल्या किंवा जारच्या पाण्याने भरावी, आणि आठवड्याची बदली नेहमीच्या पाण्याने करावी.

खाद्याबाबत हात आखडता ठेवावा. दोन मिनिटांत संपेल इतकेच, दिवसातून दोनदा. उरलेले खाद्य कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. आसवनीचे सांडपाणी शुद्ध केल्यावाचून ओढ्याला सोडायचे नाही, हा नियम ज्या कारणासाठी आहे तेच हे कारण, फक्त लहान प्रमाणावर.

जोडी आपण जुळवायची नाही

क्रोमाइडमध्ये नर कोणता आणि मादी कोणती हे नवख्याला ओळखता येत नाही. दुकानदार 'जोडी घ्या' म्हणून दोन मासे पिशवीत घालून देतो, ते दोन्ही नर निघू शकतात. मग पेटीत संसार नव्हे, भाऊबंदकी चालू होते. म्हणून सरळ सहा लहान मासे घ्यावेत आणि पत्रिका जुळवण्याचे काम त्यांच्यावरच सोपवावे. हा मासा आपल्या भागातल्या दुकानांत नेहमी असतो असे नाही. नाशिक किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून मागवावा लागेल. आणल्यावर पिशवी वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवा, आणि मग थोडे थोडे आपले पाणी पिशवीत मिसळत तासाभराने मासे सोडा. मुंबईचे पाणी मऊ आणि आपले जड, एकदम बदल झाला तर मासा धक्का खातो.

काही महिन्यांत मासे वयात येतात. त्या वेळी पाहण्यासारखे असते. दोन मासे इतरांपासून वेगळे होऊन एक कोपरा धरतात. एकमेकांसमोर आडवे उभे राहून अंग थरथरवतात. कुंडीची आतली बाजू किंवा फरशीचा तुकडा तोंडाने घासून घासून स्वच्छ करतात. रंग गडद होतो, पोटाकडची बाजू आणि पोटाखालचे पर काळे पडतात. बाकीच्या चौघांना ते जवळ फिरकू देत नाहीत. एवढे दिसले की जोडी जमली असे समजावे आणि ते चौघे दुसरीकडे हलवावेत. लहान पेटीत त्यांना पळायला जागा नसते, जोडी त्यांना मारूनही टाकते.

पाण्याची ऊब पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस राहील असे पाहावे. कोपरगावात पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि होळीच्या आगेमागे ती आपोआप राहते. डिसेंबर-जानेवारीत, तोडणी ऐन भरात असते तेव्हा, रात्रीचा गारठा पेटीलाही लागतो. त्या दिवसांत शंभर वॉटचा हीटर लागेल. एप्रिल-मेमध्ये उलट. माठाला ओले फडके गुंडाळतो तसे पेटीच्या बाजूंना गुंडाळावे आणि पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा. वीज हा आपला नेहमीचा प्रश्न. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप घरात असू द्यावा. आणि नेहमीचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटे येऊन पंप भिजतो.

खाद्य म्हणून दुकानातल्या गोळ्या चालतात, पण जोडी अंड्यावर यावी असे वाटत असेल तर जिवंत खाद्य द्यावे. आपल्याला ते विकत घ्यायला नको. गांडूळखताच्या वाफ्यातले बारीक गांडूळ धुऊन, तुकडे करून द्यावे. हौदातल्या डासांच्या अळ्या गाळून द्याव्यात, पण ज्या हौदात औषध टाकले आहे त्यातल्या नव्हेत. अधूनमधून उकडलेल्या पालकाचा तुकडा.

अंडी आणि पिल्ले

मादी स्वच्छ केलेल्या जागेवर ओळीने अंडी चिकटवत जाते आणि नर तिच्या मागोमाग फिरून ती फळवतो. एका वेळेस दोनशेच्या आसपास अंडी, प्रत्येक अंडे बारीक देठाने चिकटलेले. त्यानंतर दोघांच्या पाळ्या लागतात. एक परांनी अंड्यांवर वारा घालतो, म्हणजे ताजे पाणी फिरते आणि गाळ बसत नाही. दुसरा पहाऱ्यावर. थोड्या वेळाने बदली. पाण्याच्या उबेप्रमाणे तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात. तोवर आई-बापांनी वाळूत खड्डे करून ठेवलेले असतात. वळवळणारी पिल्ले तोंडात धरून ते या खड्ड्यात नेऊन ठेवतात, आणि जागा बदलावीशी वाटली की पुन्हा दुसऱ्या खड्ड्यात. साधारण आठवडाभराने पिल्ले पोहायला लागतात.

येथे बहुतेकांचा धीर सुटतो. तरुण जोडी पहिल्या एक-दोन वेळेस अंडी खाऊन टाकते. लगेच जोडी वाईट ठरवून बदलू नये. पुष्कळदा ती खात असते ती न फळलेली, पांढरी पडलेली अंडी. त्यांना बुरशी धरून ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरू नये म्हणून ती काढून टाकणे हे त्यांचे कामच आहे. आणि सगळी अंडी खरोखरच खाल्ली, तर कारण बहुधा पेटीबाहेर सापडते. काचेला नाक लावून बसलेली पोरे, अंडी दिसली म्हणून टॉर्च मारून पाहुण्यांना दाखवणारे घरमालक, दिवाळीचे सुतळी बॉम्ब. जागा धोक्याची आहे असे वाटले की मासा अंडी गिळतो. एवढे कष्टाचे खाद्य शत्रूच्या तोंडी जाण्यापेक्षा आपल्या पोटात जावे, असा हा हिशेब आहे. पुढल्या वेळेस पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावा, रात्री खोलीत झिरोचा दिवा राहू द्या म्हणजे पहारेकऱ्याला दिसते, आणि आठ दिवस पेटीत हात घालू नका.

अंडी काढून वेगळ्या भांड्यात औषधाच्या पाण्यात फोडण्याची पद्धत आहे. व्यापारी लोक एंजल माशाच्या बाबतीत ती वापरतात. धंद्याला ती ठीक. पण ज्यासाठी हा मासा पाळायचा तेच त्यात गमावते, म्हणून घरी तसे करू नये.

कारण खरी नवलाची गोष्ट पिल्ले पोहायला लागल्यावर दिसते. ती आई-बापाच्या अंगाला पुन्हा पुन्हा जाऊन टोचे मारतात. कातडीवर जो बुळबुळीत थर असतो तो ती खातात. वॉर्ड आणि बार्लो या संशोधकांनी १९६७ साली या वागण्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. गाईने वासराला पाजावे त्याच्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती फारशी चुकीचीही नाही. तसेच, धोका दिसला की आई किंवा बाप आपले पोटाखालचे काळे पर झरझर उघडझाप करतो आणि पांगलेली पिल्ले क्षणात त्याच्याजवळ गोळा होतात. पोट काळे पडते असे वर लिहिले ते नुसते नटणे नव्हे, पिवळ्या अंगावर तो काळा इशारा पिल्लांना लांबून दिसतो. याच जातीचे छोटे मासे मोठ्या कालुंदराच्या अंगावरची बुरशी व कुजके पर टिपून खातात, हे वायमन आणि वॉर्ड यांनी १९७२ साली नोंदवले आहे. आणि संधी मिळाली की हेच मासे कालुंदराची अंडीही खातात. नाते असे दोन्हीकडचे.

नुसत्या त्या थरावर पिल्ले वाढत नाहीत. आर्टेमियाची अंडी दुकानात मिळतात. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून, त्यात चिमूटभर अंडी टाकून हवा सोडत ठेवली की एक-दीड दिवसात बारीक नारिंगी जीव फुटतात. हवा बंद करून भांड्याच्या एका बाजूला दिवा धरला की ते उजेडाकडे जमा होतात. ते तलम कापडातून गाळून पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा द्यावेत. उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याची जुनी रीत आहे, पण तो पाणी फार लवकर नासवतो. सुगीच्या दिवसांत घरात कुणाला वेळ नसतो, हे काम आजी-आजोबा किंवा शाळेतली मुले आनंदाने करतात.

महिना-सव्वा महिन्यात पिल्ले बोटाच्या पेराएवढी होऊ लागतात. जोडी पुन्हा अंड्यावर येण्याच्या तयारीत असते आणि मोठ्या पिल्लांना हुसकू लागते. तेव्हा पिल्ले वेगळी करावीत. आणि येथे मूळ प्रश्न उभा राहतो. दोनशेतली चाळीस-पन्नास जरी जगली, आणि जोडीने वर्षात चार-पाच वेळा अंडी घातली, तर या माशांचे करायचे काय?

शेततळ्यात सोडायचे नाहीत

प्रत्येकाच्या मनात पहिले उत्तर हेच येते: आपले शेततळे आहे, कालवा आहे, गोदामाई आहे, सोडून देऊ. जीवही जगेल आणि पुण्यही लागेल. हे मात्र कदापि करू नये.

चिलापीची हकिकत पाहा. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. हेतू चांगला होता, गरिबाला स्वस्त मासा मिळावा. पण चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडातच सांभाळते. धोका आला की पिल्ले आईच्या तोंडात. मग ती मरणार कशी? दोन-तीन महिन्यांत, अजून बोटभर आहेत तोवर, ती स्वतः अंड्यावर येतात. तळे लहान चिलापीने भरून जाते, खाद्य वाटले जाते आणि एकही मासा वजनाला येत नाही. १९५९ साली तिच्या प्रसारावर बंदी घालण्याचे ठरले, तोवर ती सर्वदूर पोहोचलेली होती. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत तिचे नाव आहे. उजनीच्या जलाशयात आज चिलापीचे राज्य आहे. भिगवणच्या बाजाराला तिच्यावर पैसा मिळतो हे खरे, पण ज्याने शेततळ्यात रोहू-कटल्याचे बीज सोडले आणि दहा महिन्यांनी जाळ्यात बोटभर चिलापीच आली, त्याला तो पैसा दिसत नाही. सुधारित गिफ्ट तिलापियाची शेती परवाना घेऊन करता येते. पण तेथेही सगळे नर असलेले बीज सोडतात ते याचसाठी, तळ्यात प्रजा वाढू नये म्हणून.

काचेच्या पेटीत जो गुण पाहून आपण हरखून जातो, पिल्ले राखण्याचा, तोच गुण तळ्यात चिलापीला अनावर करतो. कूळ एकच. ऑरेंज क्रोमाइड चिलापीइतका वाढेल असे नाही. पण आपण तो निवडलाच मुळी आपल्या पाण्याला मानवतो म्हणून. राम मासा गोदावरीत सोडला तर बहुधा पहिल्या हिवाळ्यातच मरेल. क्रोमाइडबद्दल तशी खात्री देता येत नाही, आणि इतरांची अंडी टिपण्याची त्याची सवय वर सांगितलीच आहे. 'पण तो देशी आहे' असे कुणी म्हणेल. देशी असला तरी तो किनाऱ्याच्या पाण्यातला, कोपरगावच्या गोदावरीतला नव्हे. वरच्या अंगाला नांदूर मधमेश्वरचे पाणपक्ष्यांचे अभयारण्य आहे, ते महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र. खालच्या अंगाला पैठणचा नाथसागर. मधल्या पट्ट्यात मरळ, वाम, शिंगाळा यांवर पोट असणारी माणसे आहेत.

आणि नदीत तरंगणारी जलपर्णी? तीही दक्षिण अमेरिकेतून शोभेची वनस्पती म्हणूनच आलेली. काच चाटून साफ करतो म्हणून लोक पेटीत सकर मासा ठेवतात. तो मोठा झाला की कुणीतरी धरणात सोडतो. उजनीच्या कोळ्यांची जाळी तो आपल्या काट्यांनी फाडतो.

ज्यांच्या शेततळ्यात चिलापी आधीच शिरली आहे त्यांनी नवे बीज सोडण्यापूर्वी तळे पूर्ण कोरडे करावे. ते शक्य नसेल तर मोहाची पेंड, एक हेक्टर-मीटर पाण्याला २५०० किलो या प्रमाणात टाकण्याची शिफारस आहे. त्यानंतर तीन आठवडे बीज सोडू नये. कालव्यातून किंवा ओढ्यातून पाणी घेताना पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, कारण चिलापीची पिल्ले पाण्याबरोबरच येतात.

जादा क्रोमाइडचे काय करावे ते आता सांगतो. ते गावातल्या शाळेला द्यावेत, दुसऱ्या सभासदाला द्यावेत, किंवा दुकानदाराला देऊन त्या बदल्यात खाद्य आणावे. दुकानदार बहुधा घेतात, कारण येथल्याच पाण्यात वाढलेला मासा त्यांच्याकडे मरत नाही. यातून मोठे उत्पन्न होईल असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये, एका जोडीवर विजेचे बिल निघाले तरी पुष्कळ. धंदाच करायचा असेल तर दहा-वीस टाक्या, शेड आणि बाजाराची माहिती लागते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवलेली होती. सध्या काय चालू आहे ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारून मगच खर्चाला हात घालावा.

पिल्ले नकोच असतील तर नर व मादी यांच्यामध्ये काचेची पट्टी उभी करावी, किंवा एकाला दुसऱ्या पेटीत ठेवावे. पेटीतून काढलेले पाणीही ओढ्यात किंवा पाटात ओतू नये, त्यात डोळ्याला न दिसणारी पिल्ले, गोगलगाईची अंडी आणि पाणवनस्पतीचे तुकडे असतात. ते कोरड्या मातीत जिरवावे. मीठ घातलेले नसेल तर नारळाच्या आळ्यात चालते, नत्र असल्याने झाडाला लाभते. मीठ घातले असेल तर आळ्यात न ओतता अंगणाच्या कडेला, जेथे काही लावलेले नाही अशा जागी टाकावे.